तेरवीची तर्री

भिवापूरच्या स्टेशनवर बापानं मले छोट्या गाडीत बसवून देलं, तवा आशीर्वाद-गिशीर्वाद काही देला नाही. खिडकीतून मिरचीची एक चुंगडी, म्हणजे लहानं पोतं, आत ढकललं अन् म्हणे, "हे ज्याच्याकडं कामाले चालला त्या खानावळवाल्याले देजो. म्हणा, बापानं पाठवली. भिवापूरची हाये म्हटलं का माणूस उठून उभा राह्यते." मंग गाडीनं शिट्टी मारली तसा म्हणे, "जाय. दोन दिवसात वापस येशीन, मले ठाऊक हाये."

माय त्याच्या मांगं उभी होती. ती सातऱ्यावरून सरळ आली होती. सातरा म्हणजे जिथं मिरचीचे ढीग पडले राह्यतात अन् बाया दिवसभर बसून त्यायचे देठं खुडतात. हात मिरचीचे होते म्हणून तिनं मले हात लावला नाही. दुरूनच म्हणे, "वेळेवर जेवत जाजो गा बाप्पा."

माहा बाप जन्मभर बरोबर बोलला. या दोन दिवसाच्या बाबतीत तेवढा चुकला, तेही माह्यामुळं.

आता गाडीतली गोष्ट सांगतो. हे मी आजवर कोणाले सांगतली नाही, बायकोलेही नाही. डब्यात बसाले जागा नव्हती, म्हणून मी चुंगडीवरच बसलो. माहा बाप मिरचीले चुकून पाय लागला तं कानाले हात लावे, अन् मी बूड टेकवलं. उमरेडच्या पुढं कुठंतरी शिवण उसवली. आधी एक बुढी शिंकली. मंग तिचा बुढा. मंग पूरा डबा शिंकून राहिला, खोकून राहिला, लेकरं रडून राहिले, एका बाईनं खिडकीतून उलटी केली. एक मिशीवाला उठला अन् ओरडला, "कोणाची हाये बे हे चुंगडी?"

अन् मी, मिरचीवर वाढलेला, तवाच्या तवा मिरचीवर बसलेला माणूस, सर्वायच्या आधी उभा झालो अन् म्हटलं, "लाज नाही राह्यली लोकायले! गाडीत मिरच्या आणतात!"

लोकायले पटलं. मिशीवाल्यानं मले आपल्या बाजूले जागा देली. चुंगडी तशीच पडली राह्यली, मी तिच्याकडं पाह्यलंसुद्धा नाही. नागपूरले इतवारी स्टेशनवर उतरलो तं मांगून एक माणूस म्हणे, "ओ भाऊ, पँट लाल झाली हाये तुमची मांगून."

मी म्हटलं, "मूळव्याध हाये."

नागपुरात पाय ठेवल्यावर माह्या तोंडातून निंगालेली पहिली गोष्ट ही. बापाची मिरची सांगाची लाज वाटली, मूळव्याध सांगाची वाटली नाही. थू.

आपल्या गावातले मास्तर पुस्तक काढून राहिले हायेत. जे जे गाव सोडून गेले त्यायनं आपापल्या आठवणी लिहून द्या, असा निरोप आला. कोणी पुण्याहून लिहिलं, कोणी दुबईहून लिहिलं. मी सर्वायच्या जवळचा, अडीच घंट्यावरचा. अन् शिकलेला सर्वायच्या कमी, चौथीत दोनदा बसलो अन् दोन्ही वेळा बसलोच राह्यलो. मास्तरले म्हटलं, मी का लिहू? मास्तर म्हणे, जसं बोलता तसं लिहा. तं हे घ्या. जे गावात हायेत त्यायनं वाचून हसाव, जे बाहेर गेले त्यायनं चुपचाप वाचाव, कारण तुमचंही असंच काहीतरी असन, मले ठाऊक हाये.

खानावळीत सहा महिने भांडे घासले. तिथून रामदासपेठेतल्या एका खासगी दवाखान्याच्या किचनमध्ये लागलो. रामदासपेठेत दवाखाने इतके का आपल्या गावात पानठेले नाहीत तितके. तेव्हापासून तिथीच हावो. लोकं विचारतात, किचनमध्ये का रांधता? सांगतो, जेवत असान तं ताट बाजूले सारा.

लवकी, म्हणजे दुधी भोपळा. उकडलेली, मीठ नाही, फोडणी नाही, वरून कोथिंबिरीचं एक पान, तेही डायटिशियन मॅडमले हिरवं दिसावं म्हणून. मुगाच्या डाळीचं पाणी. डाळ नाही, तिचं पाणी. दलियाची पेज, जी थंडी झाली का तिच्यावर साय धरते अन् साय फुंकली तं हलते. अन् बिनमिठाची खिचडी. ते भिताडाले फेकून मारली तं दुसऱ्या दिवशीपर्यंत तिथीच चिकटून राहीन, पेंटरले बोलवा लागीन. याले तिथी सॉफ्ट डाएट म्हणतात. त्याच्या खालची पायरी लिक्विड डाएट. त्याच्या खाली मंग सलाईन, ते माह्याकडं नाही.

पेशंट ट्रे वापस पाठवतात तवा त्यात का का राह्यते ते लिहीत नाही. एक तुटलेला दात सापडला होता एकदा, एवढंच सांगतो.

अन् हे सारं मी चाखून पाह्यतो. दर गंजातला, म्हणजे पातेल्यातला, एक चमचा. मॅडम विचारतात, "काका, मीठ किती?" मी चाखून सांगतो, "मॅडम, नाहीच." मॅडम खूश होतात. पंचवीस वर्ष झाले, नाही-नाही चाखून राहिलो. डबाही तिथलाच, फुकट हाये म्हणून खाल्ला. जीभ म्हणजे पायतान हाये, ज्या वाटेनं न्यान तिचा आकार धरते. एक दिवस वॉर्डबॉयनं समोसा देला, त्याच्यासंग तळलेली हिरवी मिरची. मी सहज चावली. तिथून मंग बरफाचा तुकडा तोंडात धरून अर्धा घंटा पायरीवर बसलो, जीभ बाहेर काढून, उन्हातल्या कुत्र्यासारखा. नर्सबाई म्हणे, "काका, बीपी चेक करू का?" भिवापूरचा माणूस, अन् मिरची खाल्ली म्हणून बीपी.

घरी माही बायको सुनंदा दोन गंज ठेवते. एक तिचा, एक पेशंटचा. पेशंट म्हणजे मी. लेकीच्या लग्नात सोयऱ्यायले वाटलं मले शुगर हाये. मी हो म्हटलं. शुगर असलेल्या माणसाले लोकं मान देतात.

गावात मात्र हे कोणाले ठाऊक नव्हतं. गावात मले डॉक्टर म्हणतात. एकदा पारावर मीच फेकलं होतं, "माह्या शब्दाबाहेर एक पेशंट घास घेत नाही." खोटं थोडी हाये. पण पोळ्याले, दिवाळीले घरी आलो का ताटात वांग्याचा रस्सा यायचा, लाल, वर तर्री इतकी का त्यात तोंड पाहून भांग पाडावा, अन् मी पोटावर हात ठेवून म्हणे, "माय, पोट खराब हाये." दरवेळी. माय ओवा देये. बाप ताटावरून मान वर न करता म्हणे, "शहरात जाऊन पोट्ट्याचं पोट भाड्याचं झालं." मी दहीभात खावो अन् पानाच्या बहाण्यानं बाहेर जावो. ज्या घरात लेकरू रांगता रांगता मिरची तोंडात घालते, त्या घरचा थोरला पोरगा दहीभात खाऊन मागच्या दारानं पळून राहिला हाये. दिसाले कसा दिसत असन, तुमीच पाहा.

मंग बुढ्याच्या, माह्या बापाच्या, पायाले सूज आली. दोन पावलं चालला का दम लागे. माहा लहाना भाऊ गजा त्याले घेऊन नागपूरले आला, अन् माह्याच दवाखान्यात भरती केला. डॉक्टरनं सांगतलं, हार्ट कमजोर हाये, मीठ बंद, तेल-तिखट बंद. सॉफ्ट डाएट.

म्हणजे मी.

पहिल्या दिवशी ट्रे मीच घेऊन गेलो. बुढ्यानं खिचडीचा एक घास घेतला. चावला नाही, तोंडात ठेवून माह्याकडं पाहत राह्यला. मंग गिळला अन् म्हणे, "हे कोणं रांधलं?"

मी म्हटलं, "हाये एक जण. बिहारी हाये."

"त्याच्या हाताले चव नाही," बुढा म्हणे. "घरचे कसे जगत असतीन त्याचे?"

मी म्हटलं, "जगून राहिले कसेतरी."

दुसऱ्यांदा, पाहा. गाडीत मिरची माही नव्हती, आता खिचडी माही नव्हती. माहं म्हणून जगात काही राह्यलंच नव्हतं.

आठ दिवस होता तो. तिसऱ्या दिवशी हळूच म्हणे, "पांडू, चिमूटभर तिखट आण. कोणाले सांगत नाही मी." मी म्हटलं, "उद्या आणतो." मॅडमले नुसतं विचारलं असतं तं मॅडम काही खाऊन टाकत नव्हत्या. विचारलं नाही. विचारलं असतं तं बाप भरती हाये हे सर्वायले कळलं असतं, अन् बाप कसा हाये तेही कळलं असतं, धोतरवाला, मोठ्यानं ढेकर देणारा, नर्सबाईले "वं पोरी" म्हणणारा. मी घरून तिखटाची पुडी बांधली, एप्रनच्या खिशात टाकली, वॉर्डाच्या दारापर्यंत गेलो अन् वापस आलो. असं दोनदा केलं. आठव्या दिवशी डिस्चार्ज झाला, अन् पुडी माह्याच खिशात राह्यली. एप्रन धुतला तवा बादलीचं पाणी लाल झालं.

घरी गेल्यावर वीस-बावीस दिवसानं बुढा गेला. गजाचा फोन आला तवा मी लवकी सोलून राहिलो होतो. ते पूरी सोलली, मंग निंगालो. हे लिहाले नव्हतं पाह्यजे, पण लिहिलं.

आता ज्याच्यासाठी हे सारं सांगून राहिलो ते ऐका.

मले रडू आलं नाही. घाटावर नाही, राख सावडताना नाही, दहाव्याले नाही. गजा लहाना असून ढसढसा रडे, त्याले दोघं धरत. मी थोरला, मी खांबाले टेकून उभा. आतून नुसती शिसारी येऊन राहिली होती, अन् ते माहीच होती, अन् शिसारीले डोळ्यातून बाहेर याले रस्ता नाही. गावात थोरल्या पोराच्या डोळ्याकडं सारं गाव पाह्यते. बापाची बहीण, आमची कौसा आत्या, तिनं तं अंगणात बसून बायायले ऐकू जाईन असं म्हटलं, "शहरात नळालेच पाणी नाही राह्यत वं, डोळ्यात कुठून येईन?" बाया हसल्या नाही, तेच खराब झालं. हसल्या असत्या तं गंमत झाली असती.

अन् या साऱ्यात एक गोष्ट माह्या मनात होती. मायले संग न्याचं. बापाचं माह्यानं काही झालं नाही, मायचं तरी करू. दोन खोल्या हायेत, सुनंदा चांगली हाये, न्याव अन् ठेवाव. पण मी तोंड उघडलं तं कौसा आत्या काय बोलली असती ते मले ऐकू येऊन राहिलं होतं. ज्यानं बापासाठी एक थेंब नाही गाळला, तो मायले नेऊन का करीन?

तेराव्या दिवशी तेरवी. अंगणात पंगत बसली, पत्रावळी पडल्या. आलू-वांग्याची भाजी, वरण, भात, पुरी, बुंदी. आमच्या घरी असं हाये का तेरवीच्या पत्रावळीवर काही टाकाचं नाही, मेलेल्याचा घास राह्यला असं मानतात. अन् पहिल्या पंगतीत थोरला पोरगा बसला पाह्यजे. पोट खराब हाये म्हणाची सोय नाही. वाढाले माय स्वतः उठली. म्हणे, पांडूले मी वाढतो. तिनं गंजाच्या एका बाजूनं वगराळं फिरवलं अन् माह्या द्रोणात भाजी ओतली. भाजी कसली, नुसती तर्री. एक आलूचा तुकडा त्यात पोहून राहिला होता, तोही बाहेर पडाले पाहत होता.

पहिला घास घेतला. कानात शिट्टी वाजली, छोट्या गाडीची. दुसरा घेतला. नाकातून धार लागली. तिसऱ्या घासाले दोन्ही डोळे असे वाहाले लागले का मले समोरचा माणूस दोन दिसे. हुंदका आला, तो हुंदका नव्हता, उचकी होती. पाणी मांगावं तं पोल खुलते. पाणी न मांगावं तं मी मरतो, अन् एकाच महिन्यात दोन तेरव्या.

कोणीतरी म्हणे, "रडू द्या, रडू द्या त्याले. इतक्या दिवसाचं साचलं होतं."

पंगत थांबली. लोकायनं हातातले घास खाली ठेवले. एक बुढे बाबा म्हणे, "पोरगा असाव तं असा. सर्वायसमोर नाही रडला, बापाच्या घासावर रडला." अन् कौसा आत्या, तेच कौसा आत्या, पत्रावळी ओलांडत आली, माहं डोस्कं आपल्या पोटाशी धरलं अन् म्हणे, "चुकलं वं माहं, मी काहीबाही बोलली पोराले." माहं नाक तिच्या लुगड्याले पुसलं गेलं. तिनं तेही प्रेमानं घेतलं. मी काही बोलाले तोंड उघडलं तं हवा आत गेली, आग अजून भडकली, मी अजून रडलो. जितका रडलो तितका थोर झालो.

पंगत उठली अन् चार बुढे बसले. म्हणे, मायनं थोरल्याकडं राहाव, पोराचा जीव पाह्यला न तुमी. गजा म्हणे, "भाऊच नेईन." मायनं लोखंडी पेटीत दोन लुगडे टाकले अन् पाचव्या दिवशी माह्यासंग एसटीत बसली. खिडकीजवळ बसून तिनं भिवापूर मांगं जाऊ देलं अन् मी तिच्या बाजूले, गाडीत सापडलेली दुसऱ्याची वस्तू घेऊन चाललेला माणूस बसते तसा, मांडीवर हात ठेवून बसलो.

माय आली. घर तिचंच होतं, पण तिच्या हाताले काम नव्हतं. सकाळी उठून दारात बसे. नाल्याचा वास येये, समोरच्या फ्लॅटमधलं कुत्रं ए.सी.त राह्यते ते बाल्कनीतून तिच्याकडं पाहे. सुनंदानं तिले टीव्ही लावून देला, तिनं आवाज बंद करून पाह्यला. मी डबा आणे. एक दिवस उत्साहात मीच तिच्यासाठी भाजी रांधली, दोन चमचे तिखट टाकलं, माह्या हिशेबानं आग. तिनं खाल्ली, ताट धुतलं, अन् थोड्या वेळानं मी पाणी प्याले उठलो तं माय सुनंदाच्या गंजातून पोळीचा तुकडा बुडवून उभ्याउभ्या खाऊन राहिली होती. चोरीनं. मले पाहून तिनं पदरानं तोंड पुसलं, जशी पोट्टी सापडते.

मले त्यावेळी जी स्वतःची किळस आली ते सांगता येत नाही. खोट्या रडण्यावर माय आणली, अन् तिले आपल्याच घरात चोर केली.

दुसऱ्या दिवशी माही सुट्टी होती. दुपारी सुनंदा बाहेर गेली होती. माय जमिनीवर बसून मेथी निवडून राहिली होती. मी समोर बसलो अन् म्हटलं, "माय, एक सांगाचं हाये. तेरवीले मी बाबासाठी नाही रडलो."

"हं," माय म्हणे. मेथी निवडणं चालूच.

"भाजी तिखट होती. मले तिखट खावत नाही. किती वर्ष झाले, खावत नाही. पोट-गिट काही खराब नव्हतं कधी. दवाखान्यातली ते खिचडीही मीच रांधली होती. बिहारी-फिहारी कोणी नाही तिथी."

मायनं अजून एक जुडी पुढं ओढली. मले वाटलं आता उठन, पेटी भरन. मंग म्हणे, "काहून गा, तुले का वाटते, इतकी तर्री तुह्या द्रोणात आपोआप आली?"

मी तिच्या अजून जवळ सरकलो.

"सारं गाव म्हणून राहिलं होतं, पोराच्या डोळ्याले पाणी नाही. कौसा तं दारोदार सांगे. मी किती जणीयचं तोंड धरू? म्हटलं, हा काही असा रडत नाही. याले रडवाच लागते." तिनं एक किडकं पान बाजूले टाकलं. "म्हणून वरची वरची काढून घेतली. पहिल्याच घासाले येईन वाटलं, तू तं तीन घास टिकला. मी भेली, म्हटलं वाया जाते का."

"तुले ठाऊक होतं?"

"पोळ्याले पोट खराब, दिवाळीले पोट खराब. जवायाचं पोट इतकं खराब असतं तं पोरगी वापस आणली असती." मंग म्हणे, "अन् खिचडीचं तुह्या बापालेही ठाऊक होतं. घरी आल्यावर म्हणे, पांडूनं आठ दिवस खिचडी खाऊ घातली, कुत्रं खात नाही असली. म्हटलं, मंग खाल्ली काहून? म्हणे, तो उभा राहे न तिथी, ट्रे घेऊन."

मी विचारलं, "त्याले तिखट..."

"देलं. मी देलं न त्याले घरी. ठेचा अन् भाकर. शेवटपर्यंत देलं. डॉक्टरनं नाही म्हटलं होतं, पण डॉक्टर का माह्या घरी राह्यतो?"

तिनं निवडलेली मेथी टोपल्यात भरली अन् म्हणे, "आता जातो मी."

मी म्हटलं, "माय, काहून? काही चुकलं का?"

"काही चुकलं नाही बाप्पा. तू रडला म्हणून मी नाही आली. लोकं पाहून राहिले होते, नाही म्हटलं असतं तं तुही इज्जत गेली असती, म्हणून आली. झाले चार दिवस. सातरा लागला हाये, बाया बसल्या असतीन. मले हे बसून खाणं होत नाही गा. इथी हाताले वासच येत नाही कशाचा."

मी पुष्कळ म्हटलं. हातापाया पडलो. तिनं माहं डोस्कं थोपटलं अन् विचारलं, "एसटी किती वाजता हाये?"

तं माय गेली. मी तिले स्टँडवर बसवून देलं. मी बसून राह्यलो असतो तिथीच, पण ड्युटी होती, चाळीस पेशंट लवकीची वाट पाहून राहिले होते. वाट कायची पाह्यतात, पण असं म्हणाची पद्धत हाये.

तुमी जे दूर गेले, दुबईले, पुण्याले, ते लिहिता का गावाची माती, गावाचा वास. मी तं अडीच घंट्यावर हावो. मले माती-गिती काही आठवत नाही, धूळ इथीही लय हाये. घर म्हणजे का, हे मले कोणी विचारलं तं मी आधी सांगे, जिथं आपली चव हाये ते घर. झूठ हाये ते. माही चव तं दवाखान्यात हाये. मंग माहं घर का दवाखाना?

आता सुट्टीच्या दिवशी भिवापूरले जातो. सातऱ्यावर बायायच्यासंग बसून देठं खुडतो. बोटं जळतात, चुकून डोळ्याले हात लावतो अन् बोंबलतो, बाया हसतात. परवा जेवणाच्या वेळी सर्वायनं डबे सोडले. कौसा आत्यानं माह्यापुढं भाजी सरकवली. मी म्हटलं, "आत्या, मले तिखट खावत नाही."

सर्वायसमोर म्हटलं. पंचवीस वर्षात पहिल्यांदा.

आत्याचा हात तिथीच थांबला. मले वाटलं, आता हिले तेरवी आठवते, आता मी मेलो. ते माह्या मायकडं पाहाले लागली, मंग माह्याकडं, मंग स्वतःच्या लुगड्याकडं, जिथं मी नाक पुसलं होतं.

"म्हणजे तवा..." आत्या म्हणे.

"हो," मी म्हटलं.

आत्या पाच मिनिटं शिव्या देत होती. माह्या खानदानाले देल्या, जे तिचंही हाये. मंग इतकी हसली का तिलेच ठसका लागला. बाया विचारत, का झालं वं, का झालं? आत्या डोळे पुसत म्हणे, "काही नाही. डॉक्टरसाठी काहीतरी फिकं आणा वं कोणी, नाहीतर हा पुन्हा बापाले रडते."

फिकं कोणाजवळ असन तिथी? पूरा सातरा, शंभर डबे, एकात फिकं नाही. तवा माय उठली, बाजूच्या विटाच्या चुलीवर गंज ठेवला अन् दोन वांगे चिरले. जन्मात पहिल्यांदा तिनं बिनतिखटाची भाजी रांधली. तिचा हात दोनदा तिखटाच्या डब्याकडं गेला अन् दोनदा तिनं तो वापस घेतला. तेलही कमी टाकलं, तेही तापू देलं नाही. वांगं बाहेरून जळलं, आतून कच्चं राह्यलं, मीठ विसरली. माह्यापुढं ठेवून म्हणे, "पाह्य बरं."

मी पंचवीस वर्षापासून दवाखान्यात रांधतो. इतकं बेकार मी आजवर कुठी खाल्लं नाही.

पूरं खाल्लं. बाया पाहून राहिल्या होत्या. मंग मी गंज पुढं केला अन् म्हटलं, "माय, अजून हाये का?"